विद्यापीठाच्या संगीत विभागात तालवाद्ये शिकवताना: व्यावसायिक वादकांसाठी मार्गदर्शिका

ऑर्केस्ट्रात, ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत किंवा स्वतंत्र कार्यक्रमांत वर्षानुवर्षे वाजवणाऱ्या तालवादकाला विद्यापीठाकडून अध्यापनाचे निमंत्रण येते ते त्याच्या वादनामुळे. परंतु नेमणूक झाल्यानंतर त्याच्याकडून ज्या कामाची अपेक्षा असते, ते वादनापेक्षा बरेच निराळे असते. त्याला आठवड्याचे तास आखावे लागतात, वेगवेगळ्या तयारीच्या विद्यार्थ्यांना एकाच अभ्यासक्रमातून पुढे न्यावे लागते, गुण द्यावे लागतात, अवजड आणि महागडी वाद्ये सांभाळावी लागतात, आणि हे सर्व करीत असताना स्वतःचे वादनही टिकवावे लागते. अशी नेमणूक पहिल्यांदाच स्वीकारणाऱ्या वादकाने कोणती तयारी करावी आणि वर्ष कसे चालवावे, हे पुढे मांडले आहे. पाश्चात्त्य पद्धतीच्या संगीत विभागातील पर्कशन (तालवाद्यांची शाखा) हा त्यासाठी मुख्य आधार धरला आहे, कारण एकाच विद्यार्थ्याकडून इतक्या वेगवेगळ्या वाद्यांची अपेक्षा अन्य कोणत्याही शाखेत केली जात नाही; तरी तबला किंवा मृदंगम शिकवणाऱ्यालाही यातील बराचसा भाग उपयोगी पडावा.

आपल्या हातांचे ज्ञान आधी उलगडावे

मुरलेल्या वादकाची पहिली अडचण अशी असते, की त्याच्या हातांना जे येते ते नेमके कसे येते, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. स्नेअर ड्रमवरचा बारीक, सलग रोल (लागोपाठच्या आघातांतून होणारा अखंड नाद) तो विचार न करता वाजवतो. परंतु काठी बोटांत कोठे टेकते, मनगट केव्हा थांबते आणि बोटे केव्हा काम सुरू करतात, पहिल्या आघातानंतर काठी किती वेळा आपोआप उसळू द्यायची आणि दुसरा हात नेमका केव्हा आत घ्यायचा, हे शब्दांत मांडायची वेळ त्याच्यावर फारशी आलेली नसते. विद्यार्थ्याने ‘माझा रोल तुटतो’ असे म्हटल्यावर ‘असा वाजव’ एवढेच उत्तर सुचत असेल, तर शिकवण्याची पूर्वतयारी अपुरी आहे असे समजावे.

म्हणून सत्र सुरू होण्यापूर्वीचे काही आठवडे स्वतःच्या वादनाच्या निरीक्षणासाठी राखून ठेवावेत. एकेरी आघात, दुहेरी आघात, रोल, फ्लॅम (मुख्य आघाताच्या किंचित आधी येणारा हलका आघात), टिंपनीवरचा (पेडलने स्वर बदलता येणाऱ्या, कढईच्या आकाराच्या ड्रमवरचा) स्वच्छ आघात आणि त्याचा नाद हाताने थांबवण्याची क्रिया, मरिंबावरील (लाकडी पट्ट्यांच्या मोठ्या वाद्यावरील) दोन आणि चार मॅलेटची (गोल डोक्याच्या काठ्यांची) हालचाल, झांजांच्या जोडीचा एक साधा आघात, अशा मूलभूत क्रिया निवडाव्यात आणि त्या अतिशय संथ लयीत वाजवून बाजूने व वरून चित्रित कराव्यात. ते चित्रण पाहताना प्रत्येक क्रियेबद्दल तीन गोष्टी लिहून काढाव्यात: शरीराचा कोणता भाग हालचाल सुरू करतो, आघातानंतर काठी कोठे येऊन थांबते, आणि क्रिया बिघडली तर नाद कसा बदलतो. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. विद्यार्थ्याचा हात नेहमी दिसेलच असे नाही, पण नाद नेहमी ऐकू येतो, आणि नादावरून हाताचा दोष ओळखण्याची सवय शिक्षकाच्या कानाला लागली, की तासात बोलावे लागते त्याहून पुष्कळ कमी बोलून भागते. तबल्याच्या शिक्षणात निकासाला, म्हणजे बोल हातातून स्वच्छ काढण्याला, जे स्थान आहे, तेच येथेही द्यावे. वेग आणि तयारी यांचा विचार त्यानंतरचा आहे.

चार वर्षांची आखणी

पर्कशनच्या पदवी अभ्यासक्रमात स्नेअर ड्रम, टिंपनी, मरिंबा, व्हायब्रफोन, झायलोफोन, ग्लॉकेनश्पील, झांजा, बास ड्रम, टॅंबोरिन, ट्रायअँगल, ड्रम सेट आणि अनेक वाद्ये एकत्र मांडून एकट्याने वाजवायच्या रचना, एवढा पसारा असतो. शिवाय आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील तालपरंपरा आहेतच. हे सगळे प्रत्येक सत्रात थोडे थोडे शिकवण्याचा मोह होतो आणि त्यामुळे चार वर्षांनंतर कशावरच हात बसलेला नसतो. माझ्या मते एका सत्रात दोन वाद्यांवर भर द्यावा, तिसरे वाद्य केवळ टिकवून ठेवावे आणि बाकीची एन्सेंबलच्या (समूहवादनाच्या) तालमींवर सोपवावीत.

पहिल्या वर्षी स्नेअर ड्रम आणि दोन मॅलेटचे कीबोर्ड वादन (मरिंबा, झायलोफोन यांसारख्या पट्ट्यांच्या वाद्यांचे) यांवर भर ठेवणे हिताचे ठरते, कारण पुढची जवळजवळ सर्व तंत्रे या दोहोंतून फुटतात. दुसऱ्या वर्षी टिंपनी आणि चार मॅलेटची मरिंबा गंभीरपणे हाती घ्यावी. तिसऱ्या वर्षी ऑर्केस्ट्रातील निवडक उतारे, व्हायब्रफोन आणि बहुवाद्य रचना याव्यात, आणि चौथे वर्ष विद्यार्थी पुढे काय करणार आहे त्यानुसार ठरावे. ऑर्केस्ट्राच्या निवडचाचण्या देऊ इच्छिणारा, शाळेत संगीत शिकवू इच्छिणारा आणि ड्रम सेट घेऊन बँडबरोबर फिरू इच्छिणारा, अशा तिघांचे शेवटचे वर्ष एकसारखे असण्याचे कारण नाही. हा क्रम बदलायला हरकत नाही, परंतु जो क्रम ठरेल तो लिहून विद्यार्थ्याच्या हाती द्यावा, म्हणजे एखाद्या सत्रात ड्रम सेटला हात का लागला नाही, याचे उत्तर त्याला आधीच मिळालेले असते.

प्रवेश घेणाऱ्यांची पूर्वतयारी कमालीची असमान असते, हेही आखणी करताना ध्यानात ठेवावे. मार्चिंग बँडमधून आलेल्याचे हात वेगवान असतात, पण त्याला स्वरवाचन जमत नाही. पियानो शिकलेल्याला मरिंबा लवकर येते, पण रोलमध्ये त्याचे मनगट आखडते. ड्रम सेट ऐकून ऐकून शिकलेल्याची लय पक्की असते, पण लिहिलेले पान समोर आले की तो अडखळतो. पहिल्या तासाला कोणतीही रचना न देता केवळ चाचपणी करावी: सोपे स्वरवाचन, मेट्रोनोमसह आणि मेट्रोनोमशिवाय एकाच लयीत राहणे, ऐकलेला लयबंध पुन्हा वाजवणे, आणि दिलेला स्वर गाऊन दाखवणे. शेवटची चाचणी टिंपनीसाठी लागते. ज्याला स्वर मनात धरता येत नाही, त्याला पेडल कितीही कौशल्याने दाबता आले तरी टिंपनी सुरात लावता येत नाही, आणि त्याच्या कानाचे काम पहिल्याच वर्षी सुरू झाले पाहिजे.

श्रवणदोष असलेला विद्यार्थी प्रवेशासाठी आला तर आधीच निष्कर्ष काढू नये. लहानपणीच श्रवणशक्ती बहुतांशी गमावलेल्या एव्हलिन ग्लेनी १९८२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाल्या आणि पुढे एकल तालवादक म्हणून जगभर वाजवत राहिल्या. प्रवेशाच्या चाचणीत विद्यार्थी कसा वाजवतो आणि सूचनेला कसा प्रतिसाद देतो, एवढेच पाहावे.

रुडिमेंट्सबद्दल, म्हणजे ड्रमवादनाच्या मूलभूत आघात-प्रकारांबद्दल, थोडे स्वतंत्रपणे सांगावे लागेल. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संघटनेने १९८४ मध्ये ४० रुडिमेंट्सची यादी स्वीकारली, आणि अनेक शिक्षक ती यादी पहिल्या क्रमांकापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत पाठ करवून घेतात. त्याने परीक्षा घेणे सोपे होते, वादन सुधारतेच असे नाही. त्याऐवजी एकेरी आघात, दुहेरी आघात, फ्लॅम आणि पॅराडिडल (एकेरी व दुहेरी आघातांचा मिश्र क्रम) ही चार कुळे मानावीत, प्रत्येक कुळातील एकच प्रकार संथ, मध्य आणि द्रुत अशा तिन्ही लयींत आणि मंद ते प्रखर अशा सर्व पातळ्यांवर पक्का करून घ्यावा, आणि उरलेले प्रकार रचनांमध्ये जसे भेटतील तसे शिकवावेत.

चार मॅलेट धरण्याच्या पद्धतीवरून तालवादकांमध्ये होणारे वाद ऐकण्यासारखे असतात. विद्यार्थ्याला मात्र त्यांचा काहीच उपयोग नसतो. पारंपरिक आडवी पकड, व्हायब्रफोनवादक गॅरी बर्टन यांची पकड आणि मरिंबावादक ली हॉवर्ड स्टीव्हन्स यांची पकड या तिन्हींनी उत्तम वादक घडलेले आहेत. स्टीव्हन्स पकडीत दोन्ही मॅलेट एकमेकांपासून स्वतंत्र ठेवून अंतर पटकन कमीजास्त करता येते, तर बर्टन पकडीत व्हायब्रफोनवरील ठळक सुरावटीला चांगला जोर मिळतो. विद्यार्थी एखादी पकड आधीच शिकून आला असेल आणि त्याला वेदना होत नसतील, तर केवळ शिक्षकाची पकड वेगळी आहे म्हणून ती बदलायला लावू नये. बदल खरोखरच आवश्यक असेल तर तो सुटीच्या आधी सुरू करावा, म्हणजे जवळ येऊन ठेपलेल्या कार्यक्रमासाठी विद्यार्थी पुन्हा जुन्या सवयीकडे वळणार नाही.

एकट्याचा तास

विद्यापीठातील तालवाद्याच्या शिक्षणाचा कणा म्हणजे आठवड्यातून एकदा होणारा वैयक्तिक तास. हा तास बहुधा ६० मिनिटांचा असतो आणि त्यातील पहिली १० मिनिटे वाद्ये मांडण्यातच सहज निघून जातात. विद्यार्थ्याने तास सुरू होण्यापूर्वी वाद्ये मांडून, उंची जुळवून आणि मॅलेट काढून ठेवली पाहिजेत, हा नियम पहिल्याच आठवड्यात घालून द्यावा आणि शिक्षकाने स्वतःही पाळावा.

तासाची सुरुवात दुरुस्तीने करू नये. विद्यार्थ्याने तयार केलेला भाग अखंड वाजवू द्यावा, मध्ये चुका झाल्या तरी थांबवू नये, आणि संपल्यावर आधी त्यालाच विचारावे: काय ऐकू आले, कोठे लय हलली, कोणता स्वर अपेक्षेपेक्षा मोठा आला. आरंभी विद्यार्थी ‘बरे झाले’ किंवा ‘फारच वाईट झाले’ एवढेच सांगतो. काही आठवड्यांनी ‘सातव्या मात्रेपासून डावा हात मागे पडतो’ अशी उत्तरे येऊ लागतात आणि त्यानंतर त्याचा घरचा रियाज खऱ्या अर्थाने उपयोगी होतो. आठवड्यातला एक तास शिक्षकाचा आणि बाकीचे सर्व तास विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कानाचे असतात. त्या कानाची तालीम हेच वैयक्तिक तासाचे मुख्य काम आहे, आणि याच ठिकाणी नामांकित वादक बहुधा कमी पडतात, कारण दोष ऐकू येताच स्वतः वाजवून दाखवण्याची त्यांना घाई होते.

वाजवून दाखवू नये असे मात्र नाही. नादाचा रंग, टिंपनीवरील आघाताचे वजन किंवा झांजांचा विस्तार या गोष्टी शब्दांत सांगता येत नाहीत आणि तेथे एक आघात पुरेसा बोलतो. परंतु शिक्षकाने संपूर्ण रचना वाजवून दाखवली, तर विद्यार्थी संगीत ऐकण्याऐवजी शिक्षकाची नक्कल ऐकू लागतो. दाखवायचे तेवढे चार-सहा मात्रांत दाखवावे आणि लगेच काठ्या खाली ठेवाव्यात.

एका तासात तीनपेक्षा अधिक सूचना देऊ नयेत. विद्यार्थ्याच्या वहीत त्या शिक्षकाने न लिहिता विद्यार्थ्यानेच स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. त्यातून त्याला नेमके काय समजले हे दिसते आणि गैरसमज असेल तर तो तेथल्या तेथे दूर करता येतो. सूचना देताना ‘अधिक भाव आण’ असे मोघम बोलण्यापेक्षा ‘या चार मात्रांत मॅलेट पट्टीच्या मध्यावरून थोडी बाहेरच्या बाजूला ने’ असे करता येण्याजोगे काहीतरी सांगावे.

कीबोर्ड वाद्यांची एक खास अडचण अशी, की वादकाचा हात वाद्याला टेकलेला नसतो. पियानोवादकाची बोटे पट्ट्यांचा अंदाज घेऊ शकतात, व्हायोलिनवादकाची बोटे तारेवर असतात. मरिंबावादकाच्या हाती काठी असते आणि पट्टी हवेतून गाठावी लागते. त्यातच मरिंबाच्या पट्ट्या खालच्या स्वरांकडे रुंद होत जातात, त्यामुळे एकच स्वरांतर खाली वेगळ्या आणि वर वेगळ्या अंतराने वाजवावे लागते. परिणामी विद्यार्थी डोळे पट्ट्यांवर खिळवतो, रचना पाठ करून टाकतो, आणि चौथ्या वर्षापर्यंत त्याचे स्वरवाचन पहिल्या वर्षाइतकेच कच्चे राहते. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही: प्रत्येक तासाची पाच मिनिटे अनोळखी, सोप्या स्वरलेखाच्या वाचनासाठी ठेवावीत, म्युझिक स्टँड शक्य तितका खाली आणि पट्ट्यांच्या जवळ लावावा म्हणजे कागद आणि वाद्य एकाच दृष्टिक्षेपात येतील, आणि चुकले तरी न थांबता पुढे जाण्याची सक्ती करावी.

टिंपनीच्या तासात निम्मा वेळ कानावर खर्च झाला तरी तो वाया गेला असे समजू नये. साधारणतः ३२, २९, २६ आणि २३ इंच व्यासाच्या चार टिंपनींचा संच असतो. विद्यार्थ्याने ट्यूनिंग फोर्कवरून एकच स्वर घ्यावा, बाकीचे स्वर मनात गाऊन शोधावेत, आणि पडद्यावर अगदी हलका आघात करून, खालून वर येत स्वर जुळवावा. गेज (पेडलचा स्वर दाखवणारा काटा) पाहून पेडल लावण्याची सवय लागू देऊ नये, कारण हवामानानुसार पडद्याचा ताण बदलतो आणि गेज खोटे ठरते. बार्टोकच्या १९४३ मधील कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्राच्या चौथ्या भागात टिंपनीला चालत्या संगीतात एकापाठोपाठ स्वर बदलावे लागतात. तो उतारा देण्यापूर्वी त्यातील टिंपनीची ओळ विद्यार्थ्याने न अडखळता गाऊन दाखवावी, अशी अट ठेवावी.

ऑर्केस्ट्रातील उतारे शिकवताना व्यावसायिक वादकाचा अनुभव खऱ्या अर्थाने उपयोगाला येतो. रिम्स्की-कोर्साकोव्हची १८८८ मधील ‘शेहेराझाद’ स्नेअर ड्रमसाठी, गर्श्विनच्या १९३५ मधील ‘पोर्गी अँड बेस’चा आरंभ झायलोफोनसाठी आणि ड्यूकासची १८९७ मधील ‘सॉर्सरर्स अप्रेंटिस’ ग्लॉकेनश्पीलसाठी निवडचाचण्यांत वारंवार विचारली जाते. विद्यार्थी हे उतारे सुटे काढून वेगाने घोटतात आणि त्याभोवती काय वाजते आहे याचा त्यांना पत्ता नसतो. प्रत्येक उताऱ्यासाठी संपूर्ण ऑर्केस्ट्राचा स्वरलेख समोर ठेवून तीन प्रश्न विचारावेत: आपल्यासोबत कोण वाजवत आहे, आपण कोणाच्या वर किंवा खाली असावे, आणि आपण थांबल्यावर सुरावट कोणाकडे जाते. रावेलच्या १९२८ मधील ‘बोलेरो’त स्नेअर ड्रमवर दोन मात्राखंडांचा एकच लयबंध १६९ वेळा येतो. तंत्र म्हणून तो अवघड नाही. सुमारे पंधरा मिनिटे लय न हलवता, संपूर्ण ऑर्केस्ट्रा वाढत असताना आपला आवाज किती सावकाश वाढवायचा याचा हिशेब ठेवणे अवघड आहे, आणि तो हिशेब पूर्ण रचनेशिवाय शिकवता येत नाही.

एन्सेंबल

पर्कशन एन्सेंबलला विद्यापीठात स्वतंत्र विषयाचा दर्जा मिळून फार काळ झालेला नाही. पॉल प्राइस यांनी १९५० मध्ये इलिनॉय विद्यापीठात पर्कशन एन्सेंबलला अभ्यासक्रमाच्या क्रेडिटमध्ये स्थान मिळवून दिले आणि त्यानंतर इतर विद्यापीठांनी तो मार्ग स्वीकारला. त्याआधीच रचना मात्र तयार होत होत्या. एडगार वारेझ यांची १३ वादकांसाठीची ‘आयोनिझासियों’ न्यूयॉर्कमध्ये ६ मार्च १९३३ रोजी निकोलस स्लोनिम्स्की यांच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली, आणि वाजवणाऱ्यांत हेन्री कॉवेल यांच्यासारखे संगीतकारही होते. जॉन केज यांची १९४१ मधील ‘थर्ड कन्स्ट्रक्शन’ चार वादकांसाठी आहे आणि आजही विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांत ती आवर्जून दिसते.

रचना निवडताना विभागात कोणती वाद्ये आहेत, यापेक्षा विद्यार्थ्यांना कशाची गरज आहे हे आधी पाहावे. एका सत्रात एक मोठी, संचालकासह वाजवायची रचना आणि दोन छोट्या, संचालकाविना वाजवायच्या रचना ठेवल्या, तर दोन्ही प्रकारचा सराव होतो. वारेझच्या रचनेत संचालक हवाच. केजच्या चौकडीत मात्र शिक्षकाने समोर उभे राहून हात हलवू नये. विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या श्वासावरून आणि काठीच्या उचलीवरून सुरुवात करायला शिकावे, आणि शिक्षकाने सभागृहाच्या मागच्या बाजूला बसून ऐकावे. स्टीव्ह राइश यांच्या १९७०-७१ मधील ‘ड्रमिंग’सारख्या रचनेत एक वादक आपली लय अगदी थोडी वाढवून दुसऱ्याच्या पुढे सरकतो आणि नव्या जागी स्थिरावतो. हे सरकणे बाहेरून संचालन करून घडवता येत नाही. आपल्या शेजाऱ्याचे वादन ऐकत असतानाही त्याच्याकडे न ओढले जाणे, हे ज्याचे त्यालाच साधावे लागते.

भाग वाटताना सर्वांत तयार विद्यार्थ्याला नेहमी पहिला भाग देण्याची प्रथा मोडावी. ट्रायअँगल किंवा बास ड्रमवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बसवले, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना त्या वाद्यांतही केवढे काम आहे हे ऐकायला मिळते. वाद्यांच्या मांडणीचा आराखडा काढणे, तालमीपूर्वी वाद्ये हलवणे आणि नंतर परत जागेवर लावणे, यांचे पाळीपत्रक पहिल्या आठवड्यातच लावावे. नाहीतर ते काम दोन-तीन भिडस्त विद्यार्थ्यांच्या अंगावर पडते आणि बाकीचे काठ्या पिशवीत टाकून निघून जातात.

अन्य परंपरा शिकवताना

घाना, भारत, क्युबा किंवा ब्राझील येथील तालवाद्यांचा एखादा तुकडा कार्यक्रमात रंगत आणण्यासाठी वापरणे सोपे असते. त्याऐवजी त्या परंपरेत आयुष्य घालवलेल्या वादकाला किमान एका सत्रासाठी बोलवावे. वेस्लियन विद्यापीठात १९६३ पासून मृदंगमवादक टी. रंगनाथन यांनी शिकवले, तर त्रिची शंकरन १९७१ मध्ये टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात रुजू झाले. टोरंटोच्या नेक्सस या तालवाद्यसमूहाचे रसेल हार्टेनबर्गर वेस्लियनमध्ये शिकले आणि पुढे टोरंटो विद्यापीठात प्राध्यापक झाले. पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या वादकाने दुसऱ्या परंपरेकडे शिष्य म्हणून जाण्याचे ते ठळक उदाहरण आहे.

असा पाहुणा शिकवत असताना विभागाच्या शिक्षकाने वर्गात विद्यार्थी म्हणून बसावे. पाहुण्याच्या पद्धतीला स्वरलेखाच्या चौकटीत कोंबू नये. तबला किंवा मृदंगम आधी तोंडाने बोलून शिकला जातो. बोल जिभेवर बसल्याशिवाय हातात येत नाहीत, आणि ही पद्धत स्नेअर ड्रमच्या विद्यार्थ्यालाही विलक्षण उपयोगी पडते. हाताने ताल देत, पाच किंवा सात मात्रांचे विभाग मोठ्याने म्हणायला शिकलेला विद्यार्थी आधुनिक रचनांतील विषम मात्राखंडांना घाबरत नाही. वेळापत्रक आणि मानधन यांत पाहुण्या कलावंताला नेहमीच्या शिक्षकाइतकीच वागणूक मिळेल, हे विभागप्रमुखाशी आधीच बोलून ठरवावे.

खोली, वाद्ये आणि कान

तालवाद्याच्या खोलीत कानांवर पडणारा भार हा गंभीर विषय आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक संस्था नायॉश ८५ डेसिबलची पातळी आठ तासांपर्यंत सुरक्षित मानते आणि त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला हा काळ निम्मा करते. म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. लहान, कठीण भिंतींच्या खोलीत स्नेअर ड्रम किंवा ड्रम सेट ही पातळी सहज गाठतो. सर्व स्वरपट्ट्या सारख्या प्रमाणात कमी करणारे, संगीतकारांसाठी बनवलेले इअरप्लग प्रत्येक विद्यार्थ्याकडे असावेत, आणि शिक्षकाने ते स्वतः वापरावेत, कारण विद्यार्थ्याचा कान आठवड्यातून काही तासच त्या खोलीत असतो. शिक्षकाचा दिवसभर असतो. हाताच्या दुखण्याबाबतही कडक राहावे: वाजवताना मनगटात किंवा कोपरात दुखू लागले तर त्या दिवसाचा रियाज तेथेच थांबवावा आणि दुखणे टिकून राहिले तर विद्यार्थ्याला डॉक्टरांकडे पाठवावे.

मरिंबा आणि झायलोफोन यांच्या चांगल्या पट्ट्या रोझवूडच्या असतात, आणि या लाकडाच्या डाल्बर्जिया प्रजातीवर साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराने २०१७ पासून निर्बंध घातले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, तरी लाकूड दुर्मीळच आहे. त्यामुळे कोणत्या वाद्यावर कोणते मॅलेट चालतील, याची पाटी वाद्याशेजारीच लावावी. मरिंबाच्या खालच्या पट्ट्यांवर कठीण मॅलेट वापरले तर पट्टी कायमची बिघडते. खोलीतील आर्द्रता वर्षभर फार वरखाली होऊ देऊ नये. वाद्ये एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना चौकटीला धरून ढकलावीत, पट्ट्यांना धरून नव्हे. टिंपनीवर पुस्तके, पाण्याच्या बाटल्या आणि दप्तरे ठेवणारे महाभाग प्रत्येक विभागात असतात. टिंपनी नेहमी झाकलेली ठेवणे हाच त्यावर उपाय.

दौरे आणि परीक्षा

वादक म्हणून दौरे चालू ठेवणे विद्यापीठालाही हवे असते, परंतु बुडालेल्या तासांची जबाबदारी शिक्षकाचीच असते. सत्राच्या सुरुवातीलाच ठरलेल्या कार्यक्रमांच्या तारखा विभागाला लेखी द्याव्यात, प्रत्येक बुडणाऱ्या तासाची पर्यायी वेळ त्याच वेळी निश्चित करावी, आणि लांबच्या अनुपस्थितीत बदली शिक्षक कोण असेल हे विद्यार्थ्यांना आधी कळवावे. बदली शिक्षकाला प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल अर्धे पान लिहून द्यावे, विशेषतः कोणती सूचना सध्या देऊ नये हे. पकड बदलण्याच्या मध्यावर असलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शिक्षकाने तिसरी पकड सुचवली, तर महिन्याचे काम पुसले जाते. एन्सेंबलच्या कार्यक्रमाच्या आधीचे दोन आठवडे बाहेरचे काम स्वीकारू नये.

सत्राअखेरच्या परीक्षेत परीक्षक मंडळावर पियानो, गायन किंवा फुंकवाद्यांचे सहकारी असतात आणि त्यांना तालवाद्यांची तांत्रिक माहिती मर्यादित असते. काय पाहावे हे त्यांना एका पानावर आधी लिहून द्यावे: लयीचे स्थैर्य, नादाचा दर्जा, आवाजाच्या पातळ्या, वाक्यरचना, वाद्यांची मांडणी. गुणांचे निकष विद्यार्थ्यांनाही पहिल्याच आठवड्यात मिळाले पाहिजेत. टिंपनीच्या परीक्षेत स्वर जुळवण्यासाठी घेतलेला वेळ आणि अचूकता यांना स्वतंत्र गुण ठेवावेत, अन्यथा विद्यार्थी ते काम वादनाच्या आधीची किरकोळ बाब मानतात.

शेवटच्या वर्षात वर्षभरात किमान दोन वेळा खऱ्या निवडचाचणीसारखी चाचणी घ्यावी: पडद्यामागे, ओळख न सांगता, ठरलेल्या वेळेत, अनोळखी खोलीत आणि इतरांच्या वाद्यांवर. त्यानंतर परीक्षकांच्या लेखी नोंदी विद्यार्थ्याला तशाच द्याव्यात. ज्याला स्वतंत्र व्यवसाय करायचा आहे, त्याला बदली वादक म्हणून बोलावणे आल्यावर काय करावे हे शिकवावे: स्वरलेख आधी मागवून घेणे, कोणती वाद्ये आयोजक देणार आणि कोणती स्वतः न्यायची हे लेखी विचारणे, तालमीच्या तासभर आधी पोहोचून मांडणी पूर्ण करणे, आणि मानधनाची रक्कम होकार देण्यापूर्वी ठरवणे. शक्य असेल तेथे शिक्षकाने आपल्या एखाद्या कामाच्या तालमीला विद्यार्थ्याला सोबत न्यावे, त्याच्याकडून वाद्यांची मांडणी करून घ्यावी आणि तालीम चालू असताना त्याला मागच्या रांगेत स्वरलेख हाती देऊन बसवावे.